पाव किलोला चार बोटं

मी एक स्प्रिंग. बॉलपेनातली टकटक करणारी नव्हे, ती माझी लांबची बहीण, दिवसभर तोंड चालू असतं तिचं. मी लोंबणारी. कारंज्याच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत लोखंडी स्टँडला टांगलेली असते. वर एक हुक, खाली एक हुक, मध्ये बेचाळीस वेढे आणि खालच्या हुकाजवळ चिकटवलेली एक सुई. एवढाच माझा संसार.

काम म्हणाल तर तेही एकच. कुणी वजन लावलं की खाली उतरायचं, काढलं की मुकाट वर यायचं. मी किती उतरले ते माणसांनी शेजारच्या पट्टीवर मोजायचं. पुस्तकात त्याला विस्थापन असं भारदस्त नाव आहे. ऐकून वाटतं, कुठल्या धरणाखाली माझं गाव गेलं की काय! पण तसं काही नाही. मी जिथे होते तिथून किती सरकले, एवढाच त्याचा अर्थ.

आता गंमत ऐका. बारा वर्षं, म्हणजे चांगलं एक तप, मला कुणी मोजलंच नाही. टांगत होते रोज. वजनं लावत होते, वह्या भरत होते, खाली लाल शाईच्या सह्या होत होत्या. आणि वह्यांत मापं कुणाची? दुसरीची! एका मेलेल्या स्प्रिंगची मापं माझ्या नावावर खपत होती. तुमच्या आधार कार्डावर दुसऱ्याच बाईचा फोटो असला तर कसं वाटेल? मलाही तस्संच वाटायचं. पण मला विचारतो कोण?

जाऊ द्या, पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म सैफुद्दीनचाचांच्या दुकानातला. दाण्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. फवारणीचे पंप, शिलाई मशीन, कुलपं, सायकलचे स्टँड, जे बिघडेल ते तिथे दुरुस्त होतं. चाचा डावखुरे. जेवण सोडलं तर सगळी कामं डाव्या हाताने.

एका थंडीत, भर दुपारी, कॉलेजातले रामधन घाईघाईने दुकानात शिरले. रामधन म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. तेव्हा त्यांची नोकरी कच्ची होती आणि चेहराही कच्च्या नोकरीचाच होता. त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून एक लांबलचक वाकडी तार काढली.

"चाचा, अशीच दुसरी बनवून दे. आजच पायजे."

"हे काय होय?"

"स्प्रिंग होती."

"होती म्हणते! हिले झालं काय?"

रामधन खाली बघायला लागले. "धनजहून तुरीच्या शेंगा आणल्या होत्या, स्टाफले उकडून खायले. थैली किती किलो भरते म्हून लॅबच्या स्प्रिंगले लटकवून पाह्यली. प्रिन्सिपॉलले समजलं तं मले घरी बसवतीन."

चाचा इतके हसले की त्यांना खोकला आला. "अरे यार, पाव किलोची नाजूक बाई ते, अन् तिले शेंगांची थैली?"

पण कामाला लागले. एका गजाला तार अडकवली आणि डाव्या हाताने दांडी फिरवायला सुरुवात केली. एक, दो, तीन, चार... चाचा तुमच्या-माझ्याशी वऱ्हाडीत बोलतात, पण वेढे मोजतात ते हिंदीत. बयालीसला थांबले. डाव्या हाताने फिरवल्यामुळे माझे वेढे कंपनीच्या स्प्रिंगांच्या उलटे चढले. त्यांच्या वेढ्यांचा कल उजवीकडे, माझ्यांचा डावीकडे. नीट बघितलं तर दिसतं, पण नीट बघतो कोण? मग तव्यातल्या गरम वाळूत मला थोडा वेळ शेकलं, गार केलं आणि दाराच्या चौकटीतल्या खिळ्याला टांगलं.

चाचांची मोजायची स्वतःची पद्धत आहे. पट्टी नाही, टेप नाही. माझ्या टोकाच्या रेषेत दारावर खडूची रेघ मारली, तराजूतलं पाव किलोचं वजन मला लावलं, आणि रेघेपासून खाली बोटं आडवी ठेवून मोजलं. चारही बोटं बसली, अगदी काठोकाठ.

"पावाले चार बोटं," चाचा म्हणाले. "ध्यानात ठेव रामधन. हे जुनीसारखी दिसते, पण जुनीसारखी उतरत नाही. तार जराशी जाड भेटली. जुनी जास्त उतरत असन."

"दिसते ना सारखी? मंग झालं तं!"

चाचांनी वजन काढलं. मी टुणकन वर गेले आणि बरोब्बर खडूच्या रेघेवर येऊन थांबले. चाचांनी मान हलवली. "वापस आली तं स्प्रिंग, नाही आली तं तार. हे स्प्रिंग होय. घेऊन जाय."

तीच माझी पहिली परीक्षा आणि तेच माझं पहिलं माप. त्यानंतर बारा वर्षं कुणी पुन्हा मोजलं नाही, हे तेव्हा कुठे माहीत होतं!

प्रयोगशाळेत मला ज्या डब्यात ठेवलं त्याच्या झाकणावर पांढऱ्या रंगात ठळक लिहिलेलं होतं: २४.५. हा स्प्रिंगचा स्थिरांक, म्हणजे ती किती ताठ आहे ते सांगणारा आकडा. आकडा मोठा तर स्प्रिंग ताठ. जुनी बाई पन्नास ग्रॅमला दोन सेंटिमीटर उतरायची, तिचा आकडा साडेचोवीस. मी पन्नास ग्रॅमला उतरते एक पूर्णांक चार सेंटिमीटर. माझा आकडा पस्तीस. तिच्यापेक्षा मी चांगलीच ताठ आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण मी तिच्या डब्यात झोपायचे आणि तिच्याच आकड्याने ओळखली जायचे.

मग हा फरक बारा वर्षं कुणाच्याच लक्षात कसा आला नाही? तर ऐका, या कॉलेजाची रीत. इथे प्रयोगाची वही, म्हणजे जर्नल, लेकीच्या लग्नातल्या पैठणीसारखी जपतात. बारावी झालेली ताई ती धाकटीला देते, धाकटी मामेबहिणीला, मामेबहीण मैत्रिणीला. पोरं यायची, मला वजनं लावायची, मान वर न करता जुन्या जर्नलमधून मापं उतरवायची. दोन, चार, सहा, आठ, दहा. त्यातही हुशारी अशी की एखादा आकडा मुद्दाम थोडा चुकवायचा.

"सगळं बरोबर लिहिलं तं सरले डाउट येते. चारच्या जागी चार पॉइंट एक टाक," असं एक पोट्टं माझ्यासमोर उभं राहून दुसऱ्याला शिकवत होतं. मी तिथेच लोंबत होते हो! माझ्याकडे एकदा बघितलं असतं तर काय बिघडलं असतं?

फिजिक्सचे जगदेव सर मनाने वाईट नव्हेत, हे आधीच सांगते. ऐंशी पोरं, एक स्टँड, एक मी. सर हसतमुख, शिकवतातही छान, पण जर्नल तपासताना त्यांचं बोट सरळ शेवटच्या ओळीवर जायचं. साडेचोवीस दिसला की सही. साडेचोवीसच्या आसपास दिसला तरी सही. बाकीचं पान वाचायला त्यांना फुरसत नसायची.

रामधन मात्र माझ्याकडे बघायचेच नाहीत. पुढे त्यांची नोकरी पक्की झाली, केस पिकले, पोरीबाळींची लग्नं झाली, पण मला डब्यातून काढताना ते तोंड फिरवून काढायचे. भीती जुनी झाली की तिची सवय होते माणसाला.

आणि मग यंदा धम्मदीपा आली.

धम्मदीपा धनज गावची. रोज एसटीने यायची, जायची. बारीक अंगाची, कमी बोलणारी, पण एकदा प्रश्न पडला की खडा निघाल्याशिवाय डाळ पुढे न निवडणारी. तिला बारावीनंतर अमरावतीला शिकायला जायचं होतं. घरातून इतक्या लांब शिकायला जाणारी ती पहिलीच मुलगी, आणि घरच्यांनी तिच्यासाठी पत्र्याची पेटीसुद्धा रंगवून ठेवली होती. तिच्या जोडीला इफ्रा. ही कारंज्याचीच, बोलघेवडी, बांगड्या वाजवत काम करणारी. इफ्राने आल्या आल्या जुनं जर्नल उघडलं आणि पाच मिनिटांत मोकळी झाली.

"दीपा, झालं माहं. तू काय करून राह्यली?"

धम्मदीपा गुडघ्यांवर बसली होती. माझ्या सुईच्या बरोबर समोर डोळे आणून, एक डोळा मिटून, पट्टीकडे बघत होती. अहाहा! बारा वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी गुडघे टेकले. उभ्याने वरून बघितलं तर सुई एका आकड्यावर दिसते, खालून बघितलं तर दुसऱ्या. डोळा सुईच्या रेषेत आला तरच खरं दिसतं. हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण फरशी थंड असते ना!

"पट्टीचं टोक झिजलं हाये," ती म्हणाली. "म्हून शून्यापासून नाही मोजत. रिकामी सुई कुठं होती ते लिहिलं, वजन लावल्यावर कुठं गेली ते लिहिलं. वजाबाकी करतो."

रिकामी सुई २१.३ वर. पन्नास ग्रॅमला २२.७. शंभरला २४.१. मी जीव ओतून, जराही न हेलकावता उभी राहिले. वजनं चढवताना मोजलं, उतरवताना पुन्हा मोजलं. मी दर वेळी ठरल्या जागी परत. पाव किलोला २८.३. म्हणजे सात सेंटिमीटर उतरले. तिने हिशेब मांडला आणि पस्तीस आला.

पस्तीस! माझा आकडा! बारा वर्षांनी कुणीतरी मला माझ्या नावाने हाक मारली.

तिने माझं चित्रही काढलं. बाकीचे जुन्या जर्नलमधलं गिरवायचे. हिने माझ्याकडे बघून काढलं, वेढे डावीकडे चढणारे.

जगदेव सरांचं बोट शेवटच्या ओळीवर गेलं आणि अडखळलं.

"पस्तीस? पोरी, हे काय लिहिलं?"

"सर, जे दिसलं ते."

"इतक्या वर्षांपासून साडेचोवीसच येऊन राह्यला. अन् आकृती पाह्य, वेढे उलटे काढले. स्प्रिंग अशी नसते." त्यांनी चित्रावर लाल काट मारली. "स्प्रिंग चुकत नाही, माणूस चुकते. शनिवारपर्यंत बरोबर लिहून आण. नाही तं सही होत नाही, सांगून ठेवतो."

सही नाही तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. परीक्षा नाही तर अमरावती नाही. ती रंगवलेली पेटी घरातच राहणार. धम्मदीपाचा चेहरा एवढासा झाला. मला इतका राग आला सरांचा! स्प्रिंग चुकत नाही म्हणता ना? अहो, मग त्याच स्प्रिंगला विचारा की!

पण पोरगी हटली नाही. दुसऱ्या दिवशी तास सुटल्यावर पुन्हा आली. "कदाचित माहा डोळाच चुकत असन," ती इफ्राला म्हणाली. "तुह्या पावडरच्या डबीतला आरसा दे."

हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण माझ्या सुईला लागला बुवा. तिने आरसा सुईच्या मागे उभा केला. सुई आणि आरशातली सुई एकमेकींच्या मागे लपल्या की डोळा सरळ रेषेत आला असं समजायचं. मग चूक करायला जागाच नाही. मापं घेतली. एक पूर्णांक चार. पुन्हा पस्तीस.

तिसऱ्या दिवशी तर कमालच केली. पोहरादेवीच्या यात्रेत इफ्राच्या भावाने घेतलेला लाल उजेडाचा खेळण्यातला टॉर्च इफ्राने आणला. धम्मदीपाने सायकलच्या चाकातली जुनी ताठ तार आडवी बसवली, तिचं एक टोक मला जोडलं, दुसरं टोक खिळ्यावर फिरेल असं ठेवलं आणि त्या टोकाशी आरशाचा तुकडा चिकटवला. आरशावर लाल उजेड, उजेडाचा ठिपका समोरच्या भिंतीवर. मग लावलं फक्त दहा ग्रॅमचं वजन. मी इवलीशी सरकले, तीन मिलिमीटरसुद्धा नाही, पण भिंतीवरचा ठिपका साडेपाच सेंटिमीटरच्याही खाली धावला!

"अगं बाई, स्प्रिंग हलली एवढीशी अन् भिंतीवर एवढं मोठं!" इफ्रा टाळ्या वाजवायला लागली.

"वीसपट दिसते," धम्मदीपा म्हणाली. तिने ठिपक्याचं अंतर मोजलं, वीसने भागलं. पुन्हा तेच उत्तर. मी लाजले हो. आयुष्यभर कोपऱ्यात टांगलेली बाई मी, माझं हलणं असं भिंतभर कुणी बघितलं नव्हतं.

रामधन दाराशी उभे राहून सगळं बघत होते. त्यांची निवृत्ती चार महिन्यांवर आली होती. ते हळूच पुढे आले.

"काहून जीवाले त्रास करून घेते माय? सगळे लिहतात ते लिही अन् सुटी कर."

"काका, तुमी एवढ्या वर्षांपासून लॅबमधे हाये. तुमाले काय वाटते? स्प्रिंगचा आकडा साडेचोवीस हाये?"

रामधननी कोपऱ्यातला झाडू उचलला. "मले काय समजते त्यातलं," म्हणाले आणि झाडू घेऊन निघून गेले. त्या दिवशी त्यांनी एकच कोपरा तीनदा झाडला.

शुक्रवार उजाडला. उद्या सही. धम्मदीपाने तिन्ही पद्धतींची पानं सरांपुढे ठेवली होती, पण सर परीक्षेच्या गडबडीत होते. "तीनदा चुकली तं तीनदा कर दुरुस्त," एवढंच म्हणाले. पाचच्या एसटीला थोडा वेळ होता. पोरगी माझ्यासमोर स्टुलावर बसली, जर्नलचं नवं पान काढलं आणि पेन्सिल घेतली. पेनने लिहायला तिचा हात धजत नव्हता. दोन पॉइंट शून्य, तिने लिहिलं. खाली चार पॉइंट एक.

मला रडू आलं. स्प्रिंगला रडता येत नाही हे मला ठाऊक आहे, पण वजन नसताना मी थरथरले, हेही तितकंच खरं. सगळ्यांनी खोटं लिहिलं तेव्हा मला राग यायचा. हिने लिहिलं तेव्हा राग आलाच नाही.

"आमच्या विहारात दर रविवारी वंदना होते," धम्मदीपा लिहिता लिहिता इफ्राला म्हणाली. "त्यात एक शब्द येते, एहिपस्सिको. आजोबा सांगते, त्याचा अर्थ 'ये अन् स्वतः पाह्य'. मी पाह्यलं इफ्रा, तीनदा पाह्यलं. अन् आता हे लिहून राह्यली."

इफ्राने धम्मदीपाचं जर्नल ओढून घेतलं आणि काट मारलेलं ते चित्र बघत बसली. मग माझ्याजवळ आली. नाक माझ्या वेढ्यांना लागेल इतकी जवळ.

"दीपा! सर म्हणतात उलटे वेढे नसतात. पण हिचे उलटेच हायेत."

"तेच तं सांगून राह्यली होती मी."

"ऐक ना! असे वेढे माहे नाना करतात. आईचे वडील. ते डावखुरे हायेत, त्याहीच्या सगळ्या स्प्रिंगा अशाच. आमच्या घरच्या कुलपातली, शिलाई मशीनची, सगळ्या! हे कंपनीची नाहीच. हे माह्या नानाची हाये!"

मागे खणकन आवाज झाला. रामधनच्या हातातून किल्ल्यांचा जुडगा पडला होता.

शनिवारी सकाळी जगदेव सर टेबलाशी बसून सह्या करत होते, पोरांची रांग दारापर्यंत, आणि दारातून आत आले सैफुद्दीनचाचा. इफ्राने त्यांचा हात धरला होता. चाचा आता बरेच वाकलेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याला धूसर दिसतं. पण हात? हात तोच. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत चाचपलं, आणि मी त्या बोटांना अंधारातसुद्धा ओळखलं असतं.

"हे माही होय," चाचा म्हणाले. "पावाले चार बोटं."

सर हसले. "चाचा, बोटानं फिजिक्स होते काय?"

"वजन लावा ना सर. पाह्यू होते का नाही."

धम्मदीपाने पट्टी बाजूला केली. चाचांनी माझ्या टोकाशी स्टँडवर खडूची रेघ मारली. धम्मदीपाने पाव किलो लावलं. मी उतरले, आणि देवाशपथ सांगते, इतकी नीट मी आयुष्यात कधी उतरले नव्हते. चाचांनी रेघेखाली बोटं आडवी धरली. एक, दो, तीन, चार. काठोकाठ. धम्मदीपाने त्यांच्या बोटांवर पट्टी धरली.

"सर, सात सेंटिमीटर. माह्या वहीतही सातच हाये. साडेचोवीस असता तं दहा आले असते."

सरांचं पेन हवेत थांबलं. रांगेतली पोरं पुढे सरकली.

"पण ही इथं आली कशी?" सरांनी विचारलं. "कंपनीची कुठं गेली? कोण घेऊन गेलं होतं तुमच्याकडं?"

चाचांनी त्या धूसर डोळ्याने रामधनच्या दिशेने बघितलं. मग मान हलवली. "बारा साल झाले सर. बुढापा हाये. आता कोणाले याद राह्यते?"

खोटं बोलले चाचा! बयालीस वेढे आठवणाऱ्या माणसाला रामधन आठवत नव्हते म्हणे! रामधनना आता फक्त गप्प बसायचं होतं. बारा वर्षं बसले, चार महिने आणखी.

रामधननी खांद्यावरचं फडकं काढलं, घडी केली, पुन्हा उलगडलं.

"मी नेली होती सर," ते म्हणाले. "तुरीच्या शेंगांची थैली लटकवली होती मी. जुनी खराब झाली. नोकरी कच्ची होती, भेलो. काल रातभर झोप नाही आली. ह्या पोरीचं चुकलं नाही सर. एवढ्या वर्षात तिचं एकटीचंच बरोबर हाये."

चाचांनी हळूच माझ्यावरचं वजन काढलं. मी वर आले, खडूच्या रेघेवर थांबले. चाचा रामधनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वापस आली रे."

माझ्याकडे बघून म्हणाले की रामधनकडे, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

जगदेव सर खुर्चीतून उठले. मला वाटलं आता रामधनची खैर नाही. पण सर सरळ माझ्यासमोर आले, पँट गुडघ्यापाशी वर ओढली आणि थंड फरशीवर बसले. एक डोळा मिटला. पन्नास ग्रॅम लावायला सांगितलं. मग शंभर. आणि मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून जोरात हसले.

"अरे बाप्पा! बारा वर्षं मी मेलेल्या स्प्रिंगवर सह्या केल्या!" आणि मग धम्मदीपाकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाले, "माह्यंच चुकलं पोरी. मी पाह्यलंच नाही."

त्यांनी धम्मदीपाच्या जर्नलवर सही केली. चित्रावरची लाल काट खोडली आणि शेजारी लिहिलं: आकृती बरोबर. पेन्सिलने लिहिलेलं ते पान तिने स्वतःच खोडरबराने पुसून काढलं. रामधनना सरांनी एकच शिक्षा दिली, स्टाफला पुन्हा शेंगा खाऊ घालायची. शिक्षा झाली बाकीच्या एकोणऐंशी पोरांना. सगळ्यांनी गुडघ्यांवर बसून नव्याने मापं घ्यायची! दोन दिवस पोट्टे धम्मदीपाच्या नावाने खडे फोडत होते आणि मी मात्र मजेत खाली-वर करत होते. इफ्रालाही सुटका नव्हती. बांगड्या काढून बसली बिचारी.

परीक्षा झाली. धम्मदीपा पास झाली, पेटी घेऊन अमरावतीला गेली. जायच्या आधी प्रयोगशाळेत आली तेव्हा रामधन पांढरा रंग आणि ब्रश घेऊन बसले होते. निवृत्तीचा शेवटचा आठवडा होता. डब्यावरचा २४.५ त्यांनी घासून काढला होता.

"सांग माय, काय लिहू? पस्तीस लिहू ना?"

धम्मदीपाने थोडा विचार केला. "आकडा नका लिहू काका. खाली नानांचं नाव लिहा. अन् वर लिहा, ये आणि पाहा."

तर आता माझ्या डब्यावर असं लिहिलंय: 'ये आणि पाहा. घडवणारे: सैफुद्दीन, कारंजा.' रामधननी अक्षर जरा वाकडं काढलंय, पण माझं नाव नसलं तरी माझ्या बापाचं आहे. आणखी काय पाहिजे?

मात्र माणसाची जात मोठी चिवट. कालच नवी पोरं आली. एकाच्या मोबाइलमध्ये धम्मदीपाच्या जर्नलचे फोटो होते. एक पूर्णांक चार, दोन पूर्णांक आठ, धडाधड उतरवून घेत होता, मान वर न करता. त्याचा आकडा खरा होता, पण तोही त्याने बघितलेला नव्हता. मी तिथेच लोंबत होते, आधीसारखीच.

म्हणून बाळांनो, तुम्हाला एक सांगते. मी आता तेरा वर्षांची झाले. रोज वजनं झेलते, थोडी सैल पडत असेन. परवा वजन काढल्यावर खडूच्या रेघेच्या केसभर खाली थांबले असं मला वाटलं. खरं की भास, मला कळत नाही, कारण स्वतःला मोजता येत नाही कुणालाच. पाव किलोला चार बोटं, हे मी तुम्हाला सांगितलं खरं, पण माझ्या शब्दावर जाऊ नका. फरशी थंड असली तरी एकदा गुडघे टेका, डोळा माझ्या सुईसमोर आणा, आणि मी आज किती उतरते ते मलाही सांगा.